कणा नसलेलं पान

एप्रिल. कोरेगाव पार्कात दुपारचे दोन.
पंखा लावायचा नाही, पानं उडतात.
चारांतली एक खिडकी उघडते, तीही अर्धी.
डांबरगोळ्यांच्या वासात आम्ही दोघं:
मी, बावीस वर्षं झाडांची नावं शोधणारा,
आणि सुगंधा लोणकर, रोजंदारीवर,
वाळलेल्या फांद्या जाड कागदावर शिवणारी.

गठ्ठ्यातून एक फांदी निघाली,
चौऱ्याहत्तर सालच्या मल्याळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
चिठ्ठीवर कुणा घैसासांचं तिरपं अक्षर:
अगस्त्यमलै. उंच झाड. दाट धुकं.
शेंडा दिसला नाही, पडलेली फांदी उचलली.
नावाच्या जागी प्रश्नचिन्ह. शाई तपकिरी झालेली.

मी ओळखकिल्ली उघडली.
पानं समोरासमोर? जवळजवळ.
चामड्यासारखी जाड? हो.
कडेला दाते? नाहीत.
चुरगळल्यावर वास?
पन्नास वर्षांनी कसला वास, वर्तमानपत्राचा.
जांभळाच्या कुळात घालावं
तर उजेडात धरल्यावर ठिपके दिसेनात.
आणखी दोन कुळांची दारं वाजवली.
आतून एकच उत्तर: आमच्यातलं नाही.

पाच वाजत आले तेव्हा ती म्हणाली,
"साहेब, एक पान चिरलं माझ्याकडून."
मग जरा थांबून,
"पण ह्याला कणाच नाही.

मंडईत आठ वर्षं तोरणं ओवली मी.
आंब्याचं पान मधल्या शिरेत टोचायचं,
शीर चुकली की वेडंवाकडं फाटतं.
ह्यात शीर सापडतच नाही.
आणि चिरलं ते बघा कसं,
देठापासून शेंड्यापर्यंत, पट्टी लावल्यासारखं."

भिंग घेतलं.
शिरा होत्या, पुष्कळ होत्या,
मागावर ताणलेल्या धाग्यांसारख्या शेजारी शेजारी,
त्यांत थोरली कुणी नाही, धाकटी कुणी नाही.
आणि मी सकाळपासून
चुकीच्या मजल्यावर दारं वाजवत होतो.

हे फुलणारं झाडच नव्हे.
पाकिटातलं ते गोल, ज्याला मी फळ म्हणत होतो,
ते उघडं बी, खाली देठाचा सुकलेला फुगवटा.
देवदाराचा, चिराचा भाऊबंद,
दक्षिणेच्या डोंगरांत मूळचा राहिलेला एकटाच.
सूचिपर्णी.
शाळेत दोन मार्कांना असायचं:
सुईसारखी पानं, थंड प्रदेश, हिमालय.
ह्याच्याकडे सुई कुठली?
ती सुगंधाच्या हातात होती.

"धुक्यातलं झाड म्हणजे," तिनं विचारलं,
"आमच्या मुंढव्याच्या बंधाऱ्यासारखं?
डिसेंबरात पहाटे तिथं
फेस कुठला नि धुकं कुठलं, कळत नाही."
मी म्हणालो, तसं नसावं.
नसावं, म्हणालो,
कारण अगस्त्यमलै मी पाहिलेला नाही.
माझ्याकडे येतं ते धुकं चिठ्ठीवरचं,
दोन अक्षरी, कोरडं,
वर्षातून एकदा औषध मारलेलं.

निश्चितीची चिट्टी लहान असते, माचिसएवढी.
नागेइया वालिचियाना.
खाली तारीख, खाली एका नावाची जागा.
मी सवयीनं माझं लिहिलं.
मग तिच्याकडे पाहिलं. ती दोरा कापत होती.
उरलेल्या कडेला लिहिलं, आणि सु. लोणकर.
'कर' मावेना, तो उभा लिहिला.

"चिरलेल्या पानाचं काय करू? पैसे कापतील?"
"नाही. तेच वरती लाव. चीर दिसू दे."
तिनं काडीला तीन टाके घातले,
पानाला हात लावला नाही,
गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.
तसं करायचं नसतं, इथे तशी पाटीसुद्धा आहे.
मी खिडकी लावायला उठलो.